विहीर तालमीचा सेंटर हाफ

"तुझ्या दादाचा गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

शालन पिशवीत लुगड्याची घडी कोंबत होती. तिनं मान वर केली नाही.

"कुठला गुडघा?"

"दुखतोय तो."

"माहेरचं सासरी सांगायचं न्हाई आणि सासरचं माहेरी. ह्या आठवड्यात तर मुळीच न्हाई," ती म्हणाली. "पंचांनीच ठरवलंय ते."

सोमवारची सकाळ होती. येत्या रविवारी शिल्डची फायनल होती, आमची निशाण तालीम आणि तिच्या माहेरची विहीर तालीम यांच्यात. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. पेठेची एक तालीम, तालमीत मारुती, मारुतीपुढं कुस्तीचा हौदा आणि हौद्याच्या भिंतीला खिळ्यांवर टांगलेले फुटबॉलचे बूट. माणूस ज्या पेठेत जन्मला त्याच पेठेकडून खेळणार. दुसऱ्या पेठेकडून खेळला तर त्याला पुन्हा आपल्या गल्लीतून मान वर करून चालता येत नसे. पोरी मात्र इकडच्या तिकडं दिल्या जात, आणि त्यातूनच घोटाळे होत.

असा एक घोटाळा आमच्या लग्नाच्या आधी झाला होता. आमचा एक फुलबॅक ऐन फायनलच्या दिवशी सकाळपासून लोटा घेऊन पळत होता. त्याची बायको विहिरीकडची. बिचारीनं आदल्या रात्रीची आंबलेली आमटी वाढली होती, एवढाच तिचा गुन्हा. पण मॅच हरल्यावर पेठेनं तिला सळो की पळो करून सोडलं. शेवटी दोन्ही तालमींचे पंच एका चहाच्या किटलीभोवती बसले आणि ठरलं, की या दोन तालमींची फायनल असली की आदल्या सोमवारीच पोरींनी आपापल्या माहेरी जायचं आणि मॅच झाली की परत यायचं. त्या आठवड्यात इकडच्या तिकडं एक शब्द बोलायचा नाही. नवऱ्याला त्याची आई वाढेल.

हे सगळं ठीक होतं. पण माझी बायको ज्या घरी चालली होती, त्या घरात यशवंत पोवार राहत होते.

यशवंतराव शालनचे थोरले भाऊ आणि विहीर तालमीचे सेंटर हाफ. मी निशाणचा सेंटर हाफ. हाफ म्हणजे मैदानातला मधला माणूस. पुढच्यांना बॉल पुरवायचा, मागच्यांचं ओझं उचलायचं, आणि गोल झाला की पुढच्याला खांद्यावर घेऊन लोक नाचतात ते लांबून बघायचं. गोल खाल्ला की मात्र शिव्यांचा पहिला मान आपला. यशवंतराव याला अपवाद होते. हाफ असून त्यांचं नाव पोराटोरांच्या तोंडी होतं. दोन वर्षं ते मुंबईला एका गिरणीच्या टीमकडून खेळले होते. त्या टीमला शिकवायला स्पेनचा एक पाद्री यायचा. पाद्री होण्याआधी तो तिकडच्या कुठल्याशा गावाकडून हाफच खेळायचा म्हणे. त्याच्याकडून यशवंतराव एक गोष्ट शिकून आले होते. अंगावर येणारा बॉल तळपायाखाली दाबायचा, जरासं थांबायचं आणि मग वळायचं. त्या थांबण्यातच समोरचा माणूस पुढं निघून जायचा आणि मैदान मोकळं व्हायचं. वडील वारले, घरच्या म्हशी बघायला कुणी नाही, म्हणून ते परत आले. नाहीतर राज्याच्या टीममध्ये खेळले असते, असं सगळं गाव म्हणायचं. माझ्याबद्दल गाव म्हणायचं, "साळोखे बी बरा हाय."

बाहेरचं एक वेळ चाललं असतं. पण माझी आई दूध आणायला त्यांच्याच कट्ट्यावर जायची. तिथं म्हैस समोर पिळून दूध द्यायचे आणि सोयरीक म्हणून यशवंतराव तिच्या लोट्यात वरती एक धार सोडायचे. तेवढ्यावर आई फितूर झाली होती. घरी येऊन म्हणायची, काय माणूस आहे, कसला खेळतो, आणि गर्व म्हणून नाही. माझ्याकडं बघून म्हणायची.

आणि ते कुंकू. आमच्याकडं मॅचला निघताना घरच्या बाईनं ओवाळायचं, ही रीत दोन्ही पेठांत आहे. यशवंतरावांना शालन लहानपणापासून ओवाळायची. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी त्यांची मॅच असली की ती दोन पेठा ओलांडून चालत जायची. त्यांच्या कपाळावर भुवयांपासून केसांपर्यंत लांबलचक उभं कुंकू ओढायची. मैदानात दोरीपलीकडून लोक त्या कुंकवावरून त्यांना ओळखायचे. मलाही ओवाळायची, नाही असं नाही. पण तवा चुलीवर असताना. एक भाकरी टाकली की ती उलटायच्या आत माझं ओवाळणं उरकलेलं असायचं, आणि कुंकू म्हणजे नखाएवढी टिकली. एकदा मी बोलून दाखवलं, तर म्हणाली, भाकरी करपली तर तुम्हीच बोलणार.

मला हेवा वाटायचा. सरळच सांगतो. त्यांच्या खेळाचा वाटायचा, पण त्याहून त्या कुंकवाचा वाटायचा. एका मॅचमध्ये, एकदाच, यशवंतरावांपेक्षा आपण चांगले खेळलो आणि हिनं ते मान्य केलं, एवढं मला पुरे होतं. ती मॅच रविवारी होती.

शालन पिशवी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली. मी तिच्यामागं गेलो.

"एक सांग. रविवारी कोण जिंकावं असं वाटतं तुला?"

ती थांबली. पदर नीट केला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल.

"भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवल्यात," ती म्हणाली. "आमटीत मीठ घातलंय, आत्याबाईंना सांगा. न्हाईतर त्या परत घालतील. येतो मी."

आणि गेली. आईनं परत मीठ घातलंच.

मी एका कारखान्यात लेथवर टर्नर होतो. तिथून घरी यायची वाट सरळ होती, पण गुरुवारी संध्याकाळी मी ती वाकडी केली आणि विहीर तालमीच्या पेठेत शिरलो. त्या आठवड्यात तिकडं जायला आम्हाला मनाई होती. मी टोपी खाली ओढली आणि पोवारांच्या कट्ट्यासमोर, बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो. म्हशी रवंथ करत होत्या. यशवंतराव पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसले होते आणि त्यांचा डावा पाय शालनच्या मांडीवर होता. ती शेगडीवर रुईची पानं गरम करायची, तेलात बुडवायची आणि त्यांच्या गुडघ्यावर बांधायची. गुडघा चांगलाच सुजलेला होता. यशवंतराव काहीतरी बोलले, आणि ती हसली.

मागच्या वर्षी माझा घोटा मुरगळला होता तेव्हा तिनं तेलाची बाटली माझ्या हातात दिली होती आणि भांडी घासायला गेली होती. मी तिथून निघालो तेव्हा मला त्या गुडघ्याचासुद्धा हेवा वाटत होता.

तालमीत वस्ताद माझी वाटच बघत होते. वस्ताद म्हणजे आमचे जुने खेळाडू, आता टीम तेच निवडायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, यशवंताच्या गुडघ्याचं खरं आहे का, आणि असलं तर डावा की उजवा. मी म्हणालो, "घरातनं कायबी कळत न्हाई, वस्ताद."

यात माझा मोठेपणा काही नव्हता. दुखऱ्या गुडघ्याच्या यशवंत पोवारला हरवलं असतं, तर शालन म्हणाली असती, दादाचा गुडघा दुखत होता म्हणून. मला तिला तेवढी जागाही ठेवायची नव्हती. मला यशवंतराव धडधाकट हवे होते, आणि जितके धडधाकट मिळतील तितकेच मी अंगावर घेणार होतो.

रविवारी आईनं मला ओवाळलं. तिचा हात कापतो. निम्मं कुंकू नाकावर सांडलं. मी ते पुसलं, बूट गळ्यात अडकवले आणि मैदानावर गेलो.

माणसं झाडांवर चढून बसली होती. दोरीच्या एका अंगाला आमची पेठ, दुसऱ्या अंगाला त्यांची, मध्ये पोलीस. विहीरवाले आले तेव्हा मी सवयीनं ते लांब कुंकू शोधलं. दिसलं नाही. यशवंतराव जवळ आले तेव्हा पाहिलं, तर कपाळ कोरं. घामानं पुसलं म्हणावं, तर अजून शिट्टीही व्हायची होती.

गावातल्या फालतू मॅचलाही त्यांच्या कपाळावर ते कुंकू असे. सरावाला तेवढं नसे. मी उभ्या उभ्या अर्थ लावला: निशाणविरुद्ध खेळायचं, समोर साळोखे आहे, त्याच्यासाठी कशाला कुंकू वाया घालवायचं? भाऊबहिणीनं मिळून ठरवलं असणार. शालन उंबऱ्यात उभी राहून हसत "आज राहू दे, दादा" म्हणते आहे, हेही मला स्पष्ट दिसायला लागलं.

हात मिळवताना मी विचारलं, "काय यशवंतराव, आज कुंकू विसरलात?"

त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं, मग माझ्या डोळ्यांत.

"आज गरज न्हाई," ते म्हणाले.

पहिल्या अर्ध्यात त्यांनी मला खेळवलं, असंच म्हणावं लागेल. बॉल त्यांच्याकडं यायचा, मी धावून जायचो, ते तळपाय ठेवायचे, थांबायचे, आणि मी पुढं गेलेला असायचो. विहिरीकडचे लोक हसायचे. दोनदा त्यांच्या पासावर गोल होता होता राहिला. पण मी त्यांचा पायच बघत होतो. ते वळताना डाव्या पायावर भार देत नव्हते. नेहमी डावीकडं वळणारा माणूस त्या दिवशी प्रत्येक वेळी उजवीकडं वळत होता. इतर कुणाच्या ते ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. त्यांच्यावर माझ्याइतकी नजर ठेवणारा त्या मैदानावर दुसरा कुणी नव्हता.

दुसऱ्या अर्ध्यात मी धावून जायचं सोडलं. बॉल त्यांच्याकडं आला की मीही थांबायचो, त्यांच्या उजव्या अंगाला. मग त्यांना वाट उरायची नाही. असे तीन-चार बॉल मी काढून घेतले आणि आमची पेठ ओरडायला लागली. दुखऱ्या गुडघ्याचा फायदा घ्यायचा नाही असं ठरवून आलो होतो, आणि आता मी दुसरं काही करत नव्हतो. पण त्या कोऱ्या कपाळाकडं बघितलं की मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मॅच संपत आली होती. मैदानाच्या मधोमध एक बॉल वर उडाला आणि आमच्या दोघांच्या मधे पडला. कुणाचाच नाही असा. मी निघालो, तेही निघाले. मी बॉलवर पाय टाकला. त्यांनीही टाकला, आणि टाकता टाकता ते डावीकडं वळले. दिवसभरात पहिल्यांदाच. माझा पाय बॉलवर होता, त्यांच्या अंगाला लागलासुद्धा नाही. एक बारीक आवाज आला आणि ते खाली बसले. रेफ्रीनं शिट्टी वाजवली नाही, कारण वाजवण्यासारखं काही नव्हतं. बॉल माझ्या पायात होता. मी उजवीकडं बघितलं आणि डावीकडं दिला. आमच्या लेफ्ट-आउटनं तो जाळ्यात घातला.

आम्ही शिल्ड जिंकलो. लेफ्ट-आउटला खांद्यावर घेतलं. पण त्या दिवशी थोडा गुलाल माझ्याही वाट्याला आला, आणि वस्ताद माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज हाफ बघितला गा कोल्हापुरानं." मी मागं वळून बघितलं. विहीरवाले यशवंतरावांना दुधाच्या हातगाडीवर घालून नेत होते. ते उताणे होते आणि एक हात डोळ्यांवर होता.

सोमवारी सगळ्यांच्या बायका आपापल्या घरी आल्या. शालन आली नाही. ती आठवडाभरानं आली, त्याच पिशवीसकट. मी ओसरीवरच बसलो होतो. माझ्या मनात एकच होतं, की ही आता काय विचारते. इतकी वर्षं... म्हणजे दोनच, पण मला खूप वाटायची... प्रत्येक मॅचनंतर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "दादा कसा खेळला?" त्या दिवशी तिनं तो विचारला नाही.

"जेवलात का?" ती म्हणाली.

"मी मुद्दाम केलेलं नाही," मी म्हणालो. "माझा पाय त्यांना लागलासुद्धा नाही."

"मला ठाऊक हाय."

घागर उचलून ती पाण्याला गेली. मी जिंकलो होतो, आणि त्याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. ठाऊक आहे म्हणाली, ते मला खरं वाटलं नाही.

पुढच्या मॅचला मी कपाळ पुढं करून उभा राहिलो. शालननं ताट तयार केलं, वात लावली, आणि ताट आईच्या हातात दिलं. "आत्याबाई, तुम्ही ओवाळा." त्यापुढच्या मॅचलाही तेच. पाडव्याला ओवाळायची, कारण ती दिवाळीची रीत. मॅचला कधीच नाही. मी एकदा विचारलंच. ती म्हणाली, "माझा हात लागायला नको." एवढंच. मी ते असं समजलो, की भावाचा पाय मोडणाऱ्याच्या कपाळाला हात लावायचीही हिला शिसारी येते. अशा समजुतीवर माणूस काय खेळणार? आणखी तीन हंगाम रेटले आणि मी बूट खिळ्याला टांगले.

यशवंतराव पुन्हा खेळलेच नाहीत. म्हशी सांभाळल्या, आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून विहिरीच्या पोरांना शिकवत बसायचे. पेठ त्यांना देव मानायची. न खेळता त्यांचं नाव माझ्यापेक्षा मोठंच राहिलं. आमच्यात भांडण झालं नाही. येणंजाणं होतं, लग्नकार्यं होती. पण दरवर्षी भाऊबीजेला एक प्रकार व्हायचा. शालन त्यांना ओवाळायला बसली की तिचे डोळे भरून यायचे. कुंकू वेडंवाकडं लागायचं. मी समोर बसलेला असायचो आणि बघायचो. तीसेक वर्षं बघितलं. आमच्या संसारात बाकी काही कमी नव्हतं. दोन मुलं झाली, घर झालं, तिनं माझं सगळं केलं. पण दरवर्षी त्या एका दिवशी मला कळायचं की ही बाई अजून तिकडचीच आहे.

अशीच एका वर्षीची भाऊबीज होती. पोवारांच्या सोप्यात मी आणि यशवंतराव पाटावरून उठून लोडाला टेकून बसलो होतो. त्यांची काठी भिंतीला लावलेली होती. शालननं ओवाळलं होतं, नेहमीसारखी रडली होती आणि स्वयंपाकघरात गेली होती. ताट मधेच ठेवलं होतं, निरांजन अजून जळत होतं. माझं वय झालं होतं, आणि त्या वयात माणसाचा तोंडावरचा ताबा जातो.

"यशवंतराव," मी म्हणालो, "तुमच्या बहिणीनं मला अजून माफ केलेलं नाही."

"कशाबद्दल?"

"गुडघ्याबद्दल. दरवर्षी बघतो की मी."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पावणं, तुम्हाला कुणी सांगितलंच न्हाई व्हय?"

"काय?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं एकदा पाहिलं.

"त्या दिवशी मी अंघोळ करून उंबऱ्यात हुबा ऱ्हायलो. समदी आळी जमली हुती. शालन ताट घेऊन आली. माझ्या म्होरं आली, थांबली. म्हणाली, दादा, दोघांस्नी ओवाळून कसं चालंल, जिंकणार तर एकच. आणि मला बाजूला सारून रस्त्यात गेली. तुमच्या पेठंकडं तोंड केलं आणि ओवाळलं. आमच्या मारुतीसमोर, आमच्या पेठंत हुबं राहून. कुंकवाचं बोट हवेत वर ओढलं, असं लांब. आणि ताट घेऊन आत गेली."

मी विचारलं, "इतक्या लोकांनी बघितलं, आणि एकजण बोलला नाही?"

"कोण बोलंल? पेठंची अब्रू गेली असती. तिथंच समद्यांचं ठरलं, की हे कुणी बघितलंच न्हाई."

"मग ती रडते कशासाठी?"

"तिला वाटतंय, तिनं ताट फिरवलं म्हणून माझा पाय गेला. म्हणून तर मॅचला कुणाच्या कपाळाला हात लावंना झाली. तुमच्या बी."

निरांजनाची वात काजळली होती. यशवंतरावांनी ती बोटानं सारखी केली.

"पाय त्या दिवशी गेला न्हाई, पावणं. मुंबईलाच गेला हुता, गिरणीच्या मैदानात. डॉक्टरनं सांगितलं, खेळलास तर एक दिवस मोडणार. तो पाद्री मला स्टेशनवर पोचवायला आला हुता. म्हणाला, तुझं खेळणं झालं, आता घरी जा. वडील वारले हे खरं, पण ते नसते वारले तरी मी आलोच असतो. गावात सांगायची लाज वाटली. म्हणून खेळत ऱ्हायलो."

"हे शालनला सांगितलं नाहीत?"

"न्हाई."

"तीस वर्षं ती दर भाऊबीजेला रडते आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

यशवंतरावांनी भिंतीची काठी ओढून घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कुंकू तुमच्याकडं गेलं. म्हटलं, रडणं तरी माझ्याकडं असू दे."

मला संताप यायला हवा होता, आणि तो आलाही. पण पुरता येईना. हे वाक्य मी बोललो असतो तर मलाही शोभलं असतं. मी आत हाक मारली.

"शालन, बाहेर ये. तुझ्या दादाला तुला काहीतरी सांगायचंय."

ती पदराला हात पुसत आली आणि भिंतीला टेकून बसली. यशवंतरावांनी सगळं सांगितलं. मान खाली घालून, अडखळत, मधे मधे काठीची मूठ चोळत. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी गाळलं. मीही त्यांना आठवण करून दिली नाही.

"पाद्र्यानं सांगितलं हुतं?" शालननं विचारलं. "गाडीत बसायच्या आधीच?"

"व्हय."

ती आणखी काही विचारील म्हणून आम्ही दोघंही वाट बघत होतो. ती उठली, मधलं ताट उचललं आणि आत गेली. आत भांड्याचा आवाज झाला, फडताळ उघडल्याचा झाला. परत आली तेव्हा ताटात नवी वात होती, नव्या तेलानं भिजलेली. ती येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"अगं, माझं काल झालं की, पाडव्याला," मी म्हणालो.

"ते पाडव्याचं. हे मॅचचं. तवा लांबनं केलं हुतं. टोपी काढा."

मी टोपी काढली. तिनं कुंकवात बोट बुडवलं आणि भुवयांपासून वर ओढत नेलं, पूर्वी केस होते तिथपर्यंत. बोट जराही कापलं नाही. मग सावकाश ओवाळलं. चुलीवर तवा नव्हता, कशाची घाई नव्हती. ताटावरून तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी लग्नात पाटावर बसलो होतो तेव्हा जसा घाबरलो होतो तसाच घाबरलो.

बाजूला यशवंतरावांनी घसा साफ केला. त्यांच्या कपाळावर भाऊबीजेचं कुंकू होतंच, वेडंवाकडं.

"शालन," ते म्हणाले, "माझं बी त्या दिवसाचं ऱ्हायलंय की."

तिनं ताट खाली ठेवलं.

"तुझं राहू दे, दादा," ती म्हणाली आणि आत गेली.

मी यशवंतरावांच्या तोंडाकडं पाहिलं. ते तोंड मी लगेच ओळखलं. इतकी वर्षं मी तेच घेऊन हिंडत होतो.